भिंतीआडची तार

गेल्या दिवाळीत साताऱ्यास थोरल्या बंधूंकडे गेलो असता, ज्या एका अडचणीने त्या घरातील सायंकाळी पंधरा दिवस झाकोळून टाकल्या होत्या, ती समक्ष पाहण्याचा योग आला. पुतण्याने बंगळुराहून आईवडिलांसाठी एक स्ट्रीमिंग बॉक्स पाठवला होता. तळहातावर मावेल एवढी ती काळी पेटी इंटरनेटवरून चित्रपट आणते आणि एका तारेने दूरदर्शनसंचाच्या स्वाधीन करते. दादांचा संच चांगला मोठा, फोर-के जातीचा, घेऊन चार-पाचच वर्षे झालेला. पेटी जोडली की चित्रपटांची यादी स्वच्छ, रेखीव दिसे. पण त्यांतला एखादा निवडून सुरू करावा, की पडदा एकाएकी काळा होई, दोन क्षणांनी चित्र परते, पुन्हा नाहीसे होई, आणि अखेर ‘सिग्नल नाही’ एवढीच पाटी उरे. ज्या दुकानदारास दाखवण्यासाठी बोलावले, त्याने पाच मिनिटांत निकाल दिला की संचाचे पॅनेल निकामी होत चालले आहे, सबब नवा संच घेणे श्रेयस्कर. पेन्शनीवर संसार चालवणाऱ्या दादांनी त्या निकालावर विश्वास ठेवून बँकेतील मुदतठेवीचा कागद बाहेर काढून ठेवला होता.

वहिनींना मात्र तो निकाल पटलेला नव्हता. मला म्हणाल्या, “भाऊजी, जुने काळे-पांढरे सिनेमे लावून बघा, तीन-तीन तास चालतात, एकदाही पडदा जात नाही. नव्या सिनेमांनाच हे का होतं?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे हाती आले ते येथे सविस्तर सांगावेसे वाटते, कारण दादांवर आला तसा प्रसंग आज असंख्य घरांत येतो, आणि निरोगी यंत्रे केवळ परस्परांशी जमले नाही म्हणून भंगारात जातात.

तार म्हणजे नळी आणि चित्र म्हणजे तिच्यातून वाहणारे पाणी, अशी आपली एक समजूत असते, आणि एके काळी ती बहुतांशी खरीही होती. पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या टोकांच्या ज्या तीन तारा व्हीसीआरपासून संचापर्यंत जात, त्यांपैकी पिवळीतून चित्र येई आणि उरलेल्या दोहोंतून आवाज. येईल ते दाखवणे एवढेच संचाचे काम असे, आणि पाठवणाऱ्यास उलट काही कळवण्याची सोयही नसे व गरजही नसे. ही रीत बदलली ती २००२ च्या अखेरीस, जेव्हा हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी मिळून एचडीएमआय या जोडणीचे पहिले प्रमाण प्रसिद्ध केले. या जोडणीच्या टोकाशी एकोणीस पिना असतात, आणि त्यांची वाटणी मोठी बोधप्रद आहे. पहिल्या बारा पिना चित्र व आवाज वाहून नेण्याच्या कामी लागतात. उरलेल्या सातांपैकी बहुतेकांचे काम चित्र नेण्याचे नसून, पाठवणारा आणि घेणारा यांच्यातील बोलणे एकमेकांस पोहोचवण्याचे आहे. आजची तार ही अशी दुतर्फा बोलण्याची वाट झाली आहे, आणि काळ्या पडद्याच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा त्या बोलण्यातच सापडते.

बोलण्याचा आरंभ पेटीकडून होतो. अठराव्या पिनेवरून ती पाच व्होल्टचा क्षीण विद्युत्प्रवाह संचाकडे धाडते. तो पोहोचताच संच एकोणिसाव्या पिनेवरून ‘मी हजर आहे’ अशी खूण करतो. आणि मग पंधराव्या व सोळाव्या पिनांच्या मार्गाने पेटी संचाच्या पोटातील एका स्मृतिपटलावर लिहून ठेवलेली त्याची संपूर्ण कैफियत वाचून घेते. ईडीआयडी नावाच्या या दस्तऐवजाची योजना १९९४ साली संगणकाच्या पडद्यांसाठी झाली, आणि त्याचा मूळ मसुदा अवघ्या १२८ बाइटांचा आहे. एवढ्याशा जागेत निर्मात्याचे तीन अक्षरी संकेतनाम, संच तयार झाल्याचे वर्ष, पडद्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरांत, तो कोणते रंग दाखवू शकतो आणि किती रेषांचे चित्र सेकंदास किती वेळा स्वीकारू शकतो, हे सारे दाटीवाटीने नोंदलेले असते. रोजकीर्दीच्या पानाखाली मुनीम जसा ताळा मांडतो, तसा शेवटचा बाइट केवळ रुजुवातीसाठी राखलेला असतो. सगळ्या बाइटांच्या बेरजेस २५६ ने भागले असता बाकी शून्य उरली पाहिजे, न उरली तर दस्तऐवज बिघडला असे समजावे. दूरदर्शनसंचांची ऐपत वाढत गेली तशी या मसुद्यास आणखी पुरवण्या जोडल्या गेल्या, आणि फोर-के चित्राचा तपशील त्या पुरवण्यांत असतो.

ही कैफियत पेटीने नीट वाचली तर पुढचा व्यवहार सुरळीत होतो. परंतु वीज गेली, परत आली, आणि संच जागा होण्यापूर्वीच पेटी जागी झाली, तर पलीकडून कोणी बोलतच नसल्याने ती आपल्याच अंदाजाने चित्राचा प्रकार ठरवून बसते. आणि तो संचास मानवला नाही तर पडदा काळाच राहतो. एका तारेची दोन करणारा स्वस्त स्प्लिटर मध्ये असेल, तर तो पुष्कळदा संचाच्या कैफियतीऐवजी स्वतःचीच ठराविक कैफियत पेटीच्या हाती देतो, आणि मग पेटी भलत्याच पडद्यासाठी चित्र तयार करू लागते. अशा वेळी दोन्ही यंत्रांची वीज मुळापासून बंद करावी, मिनिटभर थांबावे, आधी संच सुरू करावा व तो पुरता जागा झाल्यावर पेटी, हा उपाय भाबडा वाटला तरी शास्त्रशुद्ध आहे. कारण त्यामुळे फिसकटलेले बोलणे पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू होते.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात, आणि सेकंदास ६० चित्रे पाठवायची म्हटली म्हणजे दर सेकंदाला पन्नास कोटींच्या घरात बिंदूंचा हिशेब तारेतून गेला पाहिजे. हा भार हलका करण्यासाठी अभियंत्यांनी मनुष्याच्या डोळ्याचाच एक धर्म उपयोगात आणला आहे. उजेडातील सूक्ष्म फरक आपल्या डोळ्यास जितके जाणवतात तितके रंगातील जाणवत नाहीत. तेव्हा प्रत्येक बिंदूचा उजेड स्वतंत्र नोंदावा, पण रंग मात्र चार बिंदूंत मिळून एकदाच सांगावा, म्हणजे भार निम्म्यावर येतो आणि पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षातही येत नाही. असे काटकसरीचे चित्र सेकंदास ८.९१ गिगाबिटांत भागते; काटकसर न करता पाठवले तर तेच १७.८२ गिगाबिटांवर जाते. दादांच्या पेटीतून चित्रपटांची यादी आणि जुने चित्रपट या हलक्या रूपातच येत होते. नवे चित्रपट मात्र एचडीआर पद्धतीचे होते. साध्या चित्रात प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा असतात, तर एचडीआर चित्रात किमान १०२४. दिव्याच्या ज्योतीचे तेज आणि कोपऱ्यातील अंधार एकाच दृश्यात उमटावेत म्हणून ही योजना. असा चित्रपट सुरू होताच पेटी चित्राचा प्रकार बदले, आणि तारेवरील भार एका क्षणात जवळजवळ दुप्पट होई.

ती तार कोठे होती? दादांचा संच बैठकीच्या खोलीत एका भिंतीवर आणि पेट्या ठेवायच्या त्या समोरच्या कोपऱ्यातील फडताळात, असल्यामुळे २०१२ साली घराची दुरुस्ती झाली तेव्हा आठ मीटरांची एक एचडीएमआय केबल गिलाव्याखाली पुरून टाकली होती. त्या काळचे प्रमाण होते सेकंदास १०.२ गिगाबिटांचे. १८ गिगाबिटांचे प्रमाण आले सप्टेंबर २०१३ मध्ये, आणि ४८ गिगाबिटांचे २०१७ च्या नोव्हेंबरात. भिंतीआडच्या त्या तारेच्या मानाने तिच्यावर आलेले ओझे तिच्या शक्तीबाहेरचे होते, आणि त्यात लांबी आठ मीटरांची. जितकी तार लांब तितका संदेश क्षीण. जुन्या काळी संदेश क्षीण झाला तर चित्रात मुंग्या येत, रंग फिके पडत, पण चित्राचा मागमूस राही. अंकांच्या रूपाने येणारे चित्र मात्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष दिसते आणि ती मर्यादा ओलांडताच एकदम कोसळते. म्हणूनच पाहणाऱ्यास वाटते की काहीतरी मोठे यंत्र जळाले.

या प्रकरणात मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटली ती गोष्ट अशी, की पेटी आणि संच या दोघांनीही एकमेकांस खोटे काही सांगितले नव्हते. संच म्हणाला, मला एचडीआर चित्र दाखवता येते. ते खरे होते. पेटी म्हणाली, मला ते पाठवता येते. तेही खरे होते. पण ज्या तारेच्या भरवशावर हा करार झाला, तिची साक्ष कोणी काढलीच नाही. कैफियत वाचण्याचे काम इतक्या मंद गतीने चालते की जीर्ण तारेतूनही ती बिनचूक पोहोचते. मुख्य चित्राचा लोंढा सुरू झाल्यावरच तारेची खरी परीक्षा होते, आणि तोवर करारावर सही होऊन गेलेली असते. ही उणीव पुढे प्रमाण ठरवणाऱ्यांच्याही ध्यानात आली असावी, कारण २०१७ च्या प्रमाणात जी नवी वेगवान पद्धत दाखल झाली, तिच्यात चित्र पाठवण्यापूर्वी दोन्ही टोकांनी तारेची चाचणी घ्यावी आणि ती न झेपल्यास वेग खाली आणावा, अशी तजवीज केली आहे.

याच संदर्भात एक गोष्ट सांगून ठेवतो. पुष्कळ संचांवर तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी त्या सर्वांची ऐपत सारखी नसते, आणि ज्यांची असते त्यांचीही पूर्ण ऐपत कारखान्यातून येताना कधीकधी बंद ठेवलेली असते, कारण ती खुली असल्यास कैफियतीचा मजकूर वाढतो आणि काही जुन्या पेट्या तो वाचताना गोंधळतात. ही ऐपत खुली करण्याचे बटण सॅमसंगच्या संचांत ‘इनपुट सिग्नल प्लस’ या नावाने, सोनीच्या संचांत ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’ या नावाने, आणि एलजीच्या संचांत ‘अल्ट्रा एचडी डीप कलर’ या नावाने आढळते. एकाच गोष्टीची ही तीन नावे, आणि तीही यादीच्या तिसऱ्या-चौथ्या थरात. नव्या पेटीवर उत्तम चित्र का येत नाही म्हणून हळहळणाऱ्या गृहस्थाने ते कसे शोधून काढावे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

या बोलण्याची दुसरी पायरी आहे परवान्याची. चित्रपट तारेतून जात असताना त्याची कोणी नक्कल करू नये म्हणून इंटेल कंपनीने २००० च्या सुमारास एचडीसीपी नावाची कुलुपाची योजना तयार केली. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक यंत्राजवळ चाळीस गुप्त किल्ल्या असत. पेटी आणि संच आपापल्या ओळखीचे आकडे परस्परांस सांगत, त्यांवरून दोघेही स्वतंत्रपणे एक गणित करत, आणि उत्तर जुळले तरच चित्र खुले होई. एवढ्यावरही न थांबता दर १२८ चित्रांनी, म्हणजे सुमारे दोन सेकंदांनी, हे उत्तर पुन्हा ताडून पाहिले जाई. फोर-के चित्रांसाठी एचडीसीपी २.२ ही अधिक कडक आवृत्ती आली, आणि तिच्यात संच खरोखर त्याच घरात आहे हे ठरवण्यासाठी प्रश्नास वीस मिलिसेकंदांच्या आत उत्तर आले पाहिजे, असा दंडक आहे. यामुळे झाले असे, की पहिल्या काही वर्षांत ज्यांनी हौसेने फोर-के संच घेतले, त्यांच्यापैकी अनेकांच्या संचात २.२ चे कुलूप एकाच पोर्टला होते, काहींच्यात मुळीच नव्हते. आणि फोर-के पडदा समोर असूनही पेटी त्यांना साधे एचडी चित्र देऊ लागली, किंवा चित्रपटाच्या जागी नकाराचा संदेश दाखवू लागली. यादी दिसते, जाहिरात दिसते, पण चित्रपट लावताच संदेश येतो, अशी लक्षणे असतील तर ती बहुधा या परवान्याची होत. अशा वेळी केबल संचाच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहणे हा पहिला उपाय. या योजनेबद्दल माझे मत प्रतिकूल आहे, आणि ते लपवण्याचे कारण दिसत नाही. पहिल्या आवृत्तीची मूळ किल्ली सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर होऊन गेली आणि ती खरी असल्याचे इंटेलनेही मान्य केले. म्हणजे चोरी करणारास ते कुलूप आड येईनासे झाले, आणि ज्याने रीतसर वर्गणी भरली त्या प्रेक्षकाची मात्र दर दोन सेकंदांनी झडती चालूच राहिली.

तिसरी गोष्ट आहे तालाची. चित्रपट सेकंदास २४ चित्रांचा. हे प्रमाण बोलपटांच्या आरंभापासून चालत आलेले. दूरदर्शनने मात्र आपला ताल घरोघरच्या विजेवरून घेतला. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची म्हणून तेथे ६० चा ताल, आणि आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची म्हणून आपला ५० चा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हापासून महाराष्ट्राने पाहिलेले प्रक्षेपण याच तालाचे. स्ट्रीमिंगच्या पेट्या मात्र पुष्कळदा ६० वर बसवून येतात. २४ चित्रे ६० च्या चौकटीत बसवायची, तर एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा दाखवावे लागते. म्हणून कॅमेरा जेव्हा डोंगररांगेवरून संथपणे फिरतो तेव्हा ती रांग किंचित अडखळत सरकते. क्रिकेटच्या सामन्याचे ५० च्या तालातले चित्र ६० मध्ये घातले की दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा येते, आणि सीमारेषेकडे धावणारा चेंडू सेकंदातून दहा वेळा ठेचकाळतो. ज्यांच्या डोळ्यांना हे जाणवत नाही ते सुखी. ज्यांना जाणवते त्यांना कोणी वेड्यात काढू नये, कारण त्यांची नजर खरे तेच पाहत असते. ॲपलने २०१७ साली आपली फोर-के पेटी विक्रीस आणली तेव्हा तीही सर्व चित्रे एकाच ठरलेल्या प्रकारात पाठवत असे. ग्राहकांनी तक्रारी केल्यावर त्याच वर्षीच्या डिसेंबरात, चित्रपटाचा मूळ ताल असेल तोच संचाकडे पाठवण्याची मुभा तिच्यात आली. आता बहुतेक चांगल्या पेट्यांत ‘मॅच फ्रेम रेट’ किंवा तशाच अर्थाची सोय असते. ती चालू केली म्हणजे चित्रपटाच्या आरंभी पडदा दोन-तीन सेकंद काळा होतो. पण तो काळोख निरुपद्रवी आहे, ताल बदलताना दोघे पुन्हा नव्याने बोलतात एवढेच त्याचे कारण.

आणखी काही तक्रारी सोप्या असतात. चित्राच्या कडा पडद्याबाहेर जाऊन बातम्यांची पट्टी अर्धी कापली गेली, तर संचाच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ शोधावे. काचेच्या जुन्या नळीच्या काळात कडा झाकण्याचा जो शिरस्ता होता, तो सपाट पडद्यांनी अकारण पुढे चालवला आहे. काळा रंग राखाडी दिसू लागला, अथवा अंधारातील माणसे पूर्ण दिसेनाशी झाली, तर उजेडाचे मोजमाप एकाचे ० ते २५५ आणि दुसऱ्याचे १६ ते २३५ असे झाले आहे. दोन्हीकडे एकच माप ठेवावे. आणि संचाच्या यूएसबी पोर्टवरून वीज घेणारी स्टिक वारंवार आपोआप बंद होऊन सुरू होत असेल, तर तो पोर्ट पुष्कळदा अर्धाच अँपिअर देतो हे ध्यानात घेऊन तिच्याबरोबर आलेला अडॅप्टर वापरावा.

पडदा पूर्ण काळा झाल्यावर सेटिंग दिसणारच नाही, मग बदलायचे कसे, अशी रास्त शंका येईल. त्याचीही सोय निर्मात्यांनी केलेली असते, ती फक्त सांगितली जात नाही. उदाहरणार्थ, फायर टीव्हीच्या रिमोटवर वर जाण्याचे बटण आणि रिवाइंडचे बटण एकत्र काही सेकंद दाबून धरले, तर पेटी एकामागून एक निरनिराळी रिझोल्यूशन पडद्यावर आणून पाहते. जे दिसेल ते कायम करावे. माझे तर आग्रहाचे सांगणे आहे की विक्रेत्यांनी ही एक ओळ पेटीच्या आवरणावर मराठीत छापून द्यावी, आणि संचाच्या मागे कोणता पोर्ट किती भार झेलतो हे पोर्टशेजारी आकड्यांत लिहावे. आज आवरणावर ‘२.१’ असा आकडा दिसला तरी त्या प्रमाणातील कोणत्या सोयी आत आहेत याची हमी त्यावरून मिळत नाही, कारण त्यांतील बहुतेक ऐच्छिक आहेत.

साताऱ्यास त्या रात्री मी प्रथम पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र फोर-केवरून साध्या एचडीवर आणले. जो चित्रपट पंधरा दिवस तीन मिनिटांपलीकडे गेला नव्हता तो अखेरपर्यंत चालला, आणि वहिनी मध्ये एकदाही उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोवई नाक्यावरून दीड मीटरची नवी, १८ गिगाबिटांच्या प्रमाणपत्राची केबल आणली आणि पेटी फडताळातून काढून संचाच्या पाठीमागेच बसवली. तिचा रिमोट ब्लूटूथवर चालत असल्याने ती नजरेआड गेली तरी चालण्यासारखे होते. चित्र पुन्हा फोर-केवर नेले, वहिनींनी निवडलेला सर्वांत नवा चित्रपट लावला, आणि दिवेलागणीचे दृश्य त्याच्या पुऱ्या तेजासह भिंतीवर उमटले. दादांनी मुदतठेवीचा कागद कपाटात परत ठेवला. भिंतीआडची तार उपटून काढावी काय असे त्यांनी विचारले. पण डिशच्या सेट टॉप बॉक्सचे चित्र जेमतेम सव्वादोन गिगाबिटांचे, आणि तेवढे ओझे ती गेली कित्येक वर्षे बिनतक्रार वाहत आली होती. ती तशीच त्या कामावर राहू दिली.